लाल कार्ड मिळालेल्या मुलाची आई

फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या मुलांच्या आईवडिलांचे अनुभव वाचायला मिळतात, आणि मिळायलाच हवेत. ज्याच्या टॅकलने, म्हणजे बॉल हिसकावायला घातलेल्या पायाने, तो पाय मोडला, त्या मुलाच्या घरी पुढे काय होतं ते मात्र सहसा कुणी लिहीत नाही. कारण उघड आहे. आपली बाजू लंगडी असते, तोंड उघडलं की ती सारवासारव वाटते. तरी लिहितेय. पाय मोडलेल्या त्या मुलाच्या घरच्यांना विचारून लिहितेय. त्यांच्या मुलाचं नाव इथे देणार नाही. त्याच्या पाठीवर १० हा आकडा होता, आमच्या घरात सुरुवातीला त्याला 'दहा नंबर'च म्हणत होतो, इथेही तेच म्हणते.

सामना चौदा वर्षांखालच्या मुलांचा. माझा मुलगा राइट बॅक, म्हणजे बचावाची उजवी बाजू त्याची. दहा नंबर त्यांचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, चणीने लहान पण वाऱ्यासारखा पळणारा. त्या वर्षी माझा मुलगा ताडमाड वाढला होता. या वयात हे असंच असतं: एकाच वयोगटात एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला दिसतो. काही फुटबॉल अकादम्यांमध्ये म्हणूनच अधूनमधून वयाऐवजी शारीरिक वाढ बघून गट पाडतात. आमच्या लीगमध्ये जन्मतारीख बघतात, संपलं.

दुसऱ्या हाफमध्ये १-१ असताना दहा नंबरने बॉल पुढे ढकलला आणि तो जरा लांब गेला. डिफेंडरला असा बॉल दिसला की मोह होतोच. माझा मुलगा धावत आला आणि घसरला. उजवा पाय पुढे, तळवा समोर. दहा नंबरची डावी नडगी त्या पायाच्या वाटेत आली. माझ्या शेजारच्यांनी आवाज ऐकला म्हणतात. मी ऐकला नाही. मला दिसलं ते एवढंच, की जिथे पाय वाकत नाही तिथे तो वाकला होता.

रेफ्रीने लगेच शिट्टी मारून खेळ थांबवला. नियम असा आहे की किरकोळ लागलं असेल तर बॉल बाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवता येतो, पण दुखापत गंभीर दिसली तर तिथल्या तिथे थांबवायचा. मग त्याने दोन्ही बाजूंच्या मुलांना मैदानाच्या मधल्या वर्तुळात पाठवलं. त्यांच्या कोचने पोराचं डोकं मांडीवर घेतलं, पायाला हात लावू दिला नाही आणि बाटली घेऊन धावत आलेल्या एका काकांना परत पाठवलं: "पाणी देऊ नका, भूल द्यावी लागेल." ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आता माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. हाड मोडल्यासारखं दिसलं तर हलवायचं नाही, सरळ करायला जायचं नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. बोटांचा रंग बघायचा आणि स्पर्श कळतो का ते विचारायचं.

हे सगळं चालू असताना रेफ्री माझ्या मुलाकडे चालत गेला आणि त्याने लाल कार्ड दाखवलं, म्हणजे मैदानाबाहेर. अगदी खाली, छातीजवळ धरून. कार्ड मिरवण्याची ती वेळ नव्हती हे त्या माणसाला कळत होतं.

आता साइडलाइनचं सांगते. त्यांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "जनावर आहे का तो?" मला ते लागलं, पण समजलं. ज्याचं पोर जमिनीवर पडलंय त्याच्या माणसांनी काय बोलावं हे मी ठरवणार नाही. मला जास्त त्रास झाला तो आमच्या बाजूच्या ओरडण्याचा. "क्लीन टॅकल होता!" "बॉललाच मारलाय!" "रेफ्री, बॉल बघा!" एक मुलगा ॲम्ब्युलन्सची वाट बघत पडलेला आहे आणि पन्नास पावलांवर मोठी माणसं अपील करतायत. ही सगळी माझ्या ओळखीची, चांगली माणसं. आमच्याच मुलाची बाजू घेत होती. म्हणून तर त्यांना गप्प बसा म्हणणं अवघड.

मुलगा बाकाच्या मागे जाऊन बसला, जर्सी डोक्यावर ओढून. त्याच्याजवळ बसायला आलं ते कोण, तर त्यांचा राखीव गोलकीपर. काही बोलला नाही. नुसता बसला, हातातले ग्लोव्हज काढत-घालत. ॲम्ब्युलन्स गेल्यावर दोन्ही कोच आणि रेफ्री बोलले आणि सामना तिथेच सोडून दिला.

त्या रात्री कोचकडून निरोप आला. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती, जाडही आणि शेजारचं बारीकही. भूल देऊन हाड जागेवर बसवलं होतं आणि मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं होतं. रात्रभर दवाखान्यातच ठेवणार होते. का, ते पुढे दहा नंबरच्या वडिलांकडून कळलं. नडगीच्या फ्रॅक्चरमध्ये सूज आतल्या आत वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडायची भीती असते. तसं झालं तर काही तासांत ऑपरेशन करून तो दाब मोकळा करावा लागतो. म्हणून दर थोड्या वेळाने नर्स येऊन त्याला बोटं हलवायला सांगायची. लहान मुलं दुखण्याचं नीट वर्णन करत नाहीत, नुसती कासावीस होतात, औषध पुन्हा पुन्हा मागतात. त्यावरूनच ओळखायचं असतं. सुदैवाने तसं काही झालं नाही. पण त्याची आई रात्रभर त्या पाच बोटांकडे बघत होती.

आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडे वेगळीच रात्र चालली होती. दार लावून मुलगा मोबाइलवर पाय मोडल्याचे व्हिडिओ बघत होता. एकामागून एक. मी मोबाइल काढून घेणार होते, तेवढ्यात त्याने स्वतःच एक पुढे केला. "आई, हा बघ. यानेपण मुद्दाम नव्हतं केलं."

तो व्हिडिओ सोन ह्युंग-मिनचा होता, तेव्हा तो टॉटनहॅम या इंग्लिश क्लबकडून खेळायचा. ३ नोव्हेंबर २०१९, एव्हर्टन विरुद्ध टॉटनहॅम. सोनने मागून टॅकल केला, एव्हर्टनच्या आंद्रे गोमेशचा तोल गेला, तो दुसऱ्या खेळाडूवर आदळला आणि त्याचा घोटा मोडून निखळला. सोन डोकं धरून रडताना दिसतो. रेफ्रीने आधी पिवळं कार्ड काढलं, मग लाल दिलं. दोनच दिवसांत अपिलावर ते लाल कार्ड रद्द झालं. तरीही ६ नोव्हेंबरला बेलग्रेडमध्ये गोल केल्यावर सोनने जल्लोष केला नाही, कॅमेऱ्यासमोर हात जोडून माफी मागितली. मला यातली जी गोष्ट सर्वांत मोठी वाटते ती कॅमेऱ्यावर दिसत नाही. सामना संपल्यावर एव्हर्टनचा कॅप्टन शेमस कोलमन सोनला धीर द्यायला टॉटनहॅमच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला. याच कोलमनचा पाय २०१७च्या मार्चमध्ये आयर्लंडकडून खेळताना समोरच्याच्या टॅकलने मोडला होता. जवळपास दहा महिने तो मैदानाबाहेर होता. त्याला कुणी नावं ठेवली नसती, तो गेला नसता तरी. तो गेला.

मुलाला मी एवढंच म्हटलं, की सोनने माफी मागितली तेव्हा त्याचं लाल कार्ड रद्द झालेलं होतं. त्याने थोडा वेळ विचार केला आणि मोबाइल उलटा ठेवला.

पुढचे दिवस फोनचे. आमच्या संघातल्या एका पालकाने तो प्रसंग चित्रित केला होता आणि संघाच्या ग्रुपवर टाकला होता, वर लिहिलेलं "बघा, बॉल आधी". मी तो काढायला लावला. काढण्याआधी आम्ही तिघांनी तो जेवणाच्या टेबलावर बसून सावकाश, थांबवत थांबवत बघितला. मुलानेच सांगितलं तसं. बुटाचं टोक बॉलला लागतं, हे खरं. बॉल जेमतेम हलतो. पाय मात्र थांबत नाही. पुढच्या क्षणी स्टड्स, म्हणजे बुटाच्या तळव्याचे खुंट, दिसतात, सहाच्या सहा, आणि ते जमिनीपासून वर आहेत. त्याचा दुसरा पायही हवेतच दुमडलेला, म्हणजे जमिनीवर टेकून थांबायला काहीच नाही. नवरा काही बोलणार होता, पण मुलगा आधी म्हणाला, "मी खूप लांबून उडी मारली."

'बॉल लागला होता' हा बचाव फुटबॉलमध्ये इतका पिढ्यानपिढ्या चालत आलाय, की लोकांना तो नियमच वाटतो. नियमात तसं काही नाही. बाराव्या नियमात तीन पायऱ्या आहेत. नुसता निष्काळजीपणा असेल तर फ्री किक. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता गेलात तर पिवळं कार्ड. आणि जास्तीचं बळ वापरलं किंवा समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका आणला तर लाल, मग तुम्ही समोरून आलात, बाजूने आलात की मागून. बॉलला स्पर्श झाला की नाही यावर सुटका नाही. हेतूचाही प्रश्न तिथे येत नाही. रेफ्रीला मुलाच्या मनात शिरायचं नसतं, पाय कसा आला तेवढं बघायचं असतं. मला हे वाचून उलट हायसं वाटलं. मुलाला वाईट न ठरवताही त्याचा टॅकल वाईट होता असं म्हणायची सोय नियमाने करून ठेवली होती. साइडलाइनवर ही सोय कुणालाच नको होती. एका बाजूला तो जनावर होता, दुसऱ्या बाजूला त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आम्हाला लगेच दवाखान्यात जायचं होतं. क्लबच्या एका पदाधिकाऱ्याचं म्हणणं पडलं, "शिस्तपालन समितीचा निकाल लागेपर्यंत भेटू नका, लेखी तर काहीच देऊ नका. विम्याचं प्रकरण असतं, सॉरी म्हणजे कबुली धरतात." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना सगळा क्लब सांभाळायचा असतो. पण तेरा वर्षांच्या मुलाला "सॉरी म्हणायला थांब, आधी कागद होऊ देत" हे कसं समजावायचं? आम्ही त्यांच्या कोचमार्फत निरोप पाठवला. उत्तर आलं की मुलगा बरा आहे, भेट आत्ता नको. मग आम्ही थांबलो. क्लबचं ऐकून नव्हे, त्या घरचं ऐकून.

शिस्तपालन समितीचं बोलावणं आलं. तीन जण, एक लांबलचक टेबल, रेफ्रीचा लेखी अहवाल. आमच्या क्लबतर्फे बोलायला आलेल्या गृहस्थांनी ओल्या मैदानाचा मुद्दा काढला. मैदान ओलं होतं, खरंच. समितीतल्या बाईंनी ते ऐकून घेतलं आणि सरळ मुलाकडे वळल्या.

"बॉल मिळेल असं वाटलं होतं तुला?"

"हो."

"मग?"

"मिळणार नाही हे कळलं तेव्हा मी हवेत होतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. आणखी फार विचारलं नाही. निकाल आला: गंभीर स्वरूपाचा फाउल, हिंसक वर्तन नाही, तीन सामन्यांची बंदी. या दोहोंत फरक आहे. पहिल्यात तुम्ही बॉलसाठी झगडत असता आणि धोकादायक पद्धतीने झगडता. दुसऱ्यात बॉलचा संबंधच नसतो, तुम्ही माणसाला मारायला गेलेले असता.

दहा नंबरच्या वडिलांना तीन सामने कमी वाटले. त्यांचं म्हणणं होतं, "माझा मुलगा जितके दिवस बाहेर तितके दिवस त्यांचा मुलगाही बाहेर हवा." फुटबॉलमध्ये असा सूर प्रत्येक मोठ्या दुखापतीनंतर निघतो, आणि ऐकताना तो न्यायाचाच वाटतो. त्यावर मी खूप विचार केला. माझा स्वार्थ त्यात आहे हे धरूनच वाचा. अगदी असाच टॅकल दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर होतो. बहुतेक वेळा पोरगं उठतं, नडगी चोळतं आणि पळायला लागतं. आणि कधी तरी एखाद्या साध्या धक्क्यानेही, गोमेशसारखा, पाय भलत्या कोनात अडकतो आणि मोडतो. शिक्षा हाडावरून मोजली तर पहिला सुटेल आणि दुसरा अडकेल. मोजायचा तो टॅकल. पण मग तो दर रविवारी मोजला पाहिजे. ज्या दिवशी पोरगं उठून पळतं त्या दिवशीही. तिथेच सगळे कमी पडतात: रेफ्री "पहिलाच फाउल आहे" म्हणून सोडतात, कोच टाळ्या वाजवतात, पालक म्हणतात, "असा हवा डिफेंडर!" माझ्या मुलाने असे टॅकल आधीही केले होते आणि त्याला त्याबद्दल शाबासकीच मिळाली होती.

शिनगार्डचंही, म्हणजे नडगीवर बांधायच्या ढालीचंही, सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. दहा नंबरने घातले होते. ते सक्तीचेच असतात. पण शिनगार्ड खरचटणं आणि मुका मार थोपवतात, अंगाचा सगळा भार घेऊन आलेला पाय थोपवत नाहीत. मुलं हल्ली तळहाताएवढे शिनगार्ड घालतात, फॅशन म्हणून. त्याचे मात्र पुरेसे मोठे होते.

आठवड्याभराने त्याचा पुन्हा एक्स-रे झाला, तेव्हा प्लॅस्टरच्या आत हाड सरकलेलं निघालं. पुन्हा भूल, आणि या वेळी ऑपरेशन. वाढत्या वयाच्या मुलांत मोठ्यांसारखी जाड सळई घालत नाहीत, कारण गुडघ्याजवळ हाडाची उंची वाढवणारा थर असतो आणि त्याला धक्का लागला तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. म्हणून त्या थराच्या खालून, हाडाच्या दोन बाजूंनी टायटॅनियमच्या दोन लवचिक सळ्या आत सरकवतात. हाड जुळलं की पुढे त्या काढून टाकतात. हे कळलं तेव्हा माझा मुलगा जेवणावरून उठून गेला. एकदा मोडलं ते मोडलं, असं त्याने कसंबसं मनाशी बसवलं होतं. आता तेच पुन्हा.

ऑपरेशननंतर त्यांच्याकडून निरोप आला, की या. दहा नंबरने स्वतःच बोलवायला सांगितलं होतं.

दार त्याच्या आईने उघडलं. मी काय बोलायचं ते रस्ताभर जुळवलं होतं. त्यातलं निम्मं बोलून झालं असेल, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुमचा मुलगा चांगला असेल. पण अजून काही दिवस मला तसं म्हणायला लावू नका." मी गप्प बसले. यापेक्षा प्रामाणिक बोलणं त्या सगळ्या काळात मी ऐकलं नाही. आपण माफी मागितली की समोरच्याने ती लगेच घ्यावी, चहा करावा, हसावं, अशी आपली एक छुपी अपेक्षा असते. त्यांनी ती पूर्ण केली नाही, आणि त्यांच्यावर तसं कुठलं बंधनही नव्हतं.

आतल्या खोलीत दहा नंबर पलंगावर, पाय दोन उशांवर. माझा मुलगा "सॉरी" म्हणाला. तो "हं" म्हणाला. मग बराच वेळ दोघांनी भिंतीकडे बघितलं. शेवटी दहा नंबर म्हणाला, "तुमच्याकडे व्हिडिओ आहे ना? दाखव ना. मला घरचे बघू देत नाहीत."

"डिलीट केला."

"अरे यार!"

आणि मग सुटले दोघं. कोण कुठे होतं, बॉल लांब का गेला, पास कुणी द्यायला हवा होता. माझ्या मुलाने चादरीवर बोटाने रेघा मारून दाखवलं. दहा नंबर म्हणाला की तो बॉल पुढे ढकलून आत वळणार होता, बाहेर नाही. "मग मी उभा राहिलो असतो तरी गेलाच असतास तू," माझा मुलगा म्हणाला. त्याला ते मान्य होतं, खूश झाला.

थोड्या वेळाने आवाज उतरवून त्याने विचारलं, "मी रडलो का रे? सगळ्यांसमोर?"

"नाही," माझा मुलगा म्हणाला. "अजिबात नाही."

तो किती ओरडला होता ते मी ऐकलं होतं. खिलाडूवृत्तीवर मुलांना भाषणं देणाऱ्यांत मीही आहे. त्या उत्तरानंतर काही काळ मी ती बंद ठेवली.

तीन सामने सरले आणि मुलगा मैदानावर परतला, पण डिफेंडर म्हणून संपल्यासारखा. समोरचा अंगावर आला की हा मागे मागे जायचा आणि वाट द्यायचा. त्याच्या बाजूने गोल व्हायला लागले. साइडलाइनवरून आरोळ्या सुरू झाल्या, "अरे पाय घाल! पाय घाल की!" इतक्या लवकर. तीच माणसं, तोच आवाज.

कोचनी त्याला संघातून काढलं नाही, हे त्यांचे उपकार. सरावाच्या आधी अर्धा तास बोलवायला लागले. आधी टॅकल हा शब्दच नाही. नुसतं समोरच्यापुढे तिरकं उभं राहायचं, गुडघे वाकवून, बॉलवर नजर ठेवून मागे सरकत राहायचं आणि त्याला कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. हातभर अंतर ठेवायचं. "घाई त्याला आहे, तुला नाही," ते सांगायचे. समोरच्याचा बॉलला स्पर्श जड पडला की मगच एक पाऊल पुढे. यात मुलगा रमला. त्याची लांब झालेली तंगडी इथे उपयोगी पडायला लागली. स्लाइड टॅकल सर्वांत शेवटी, मऊ गवतावर, समोर माणूस नाही तर नुसता बॉल. बाजूनेच जायचं. खालचा पाय दुमडून अंगाखाली घ्यायचा म्हणजे घसरणं आटोक्यात राहतं. बॉल मारणारा पाय जमिनीलगत, पावलाच्या बाजूने फिरवायचा, तळवा समोर येऊ द्यायचा नाही. पहिल्यांदा केला तेव्हा तो उठून सवयीने मागे बघत होता, कुणाला लागलं तर नाही ना म्हणून. मागे सरावासाठी ठेवलेला एक प्लॅस्टिकचा शंकू पडला होता, बस.

मला राग येतो तो याचा, की हे आधी कुणी शिकवलं नव्हतं. शूटिंग शिकवतात, पास शिकवतात, ड्रिब्लिंगला तासन्‌तास देतात. पळत्या माणसाच्या पायाजवळ आपलं पन्नास किलोचं अंग कसं न्यायचं हे मात्र पोरं टीव्ही बघून उचलतात. सावरायला शिकवण्याचा वेळ वॉर्मअपमध्येही काढता येतो. फिफाच्या वैद्यकीय केंद्राने वीसेक मिनिटांचा '११+' नावाचा व्यायाम तयार केला आहे: पळणं, मांड्या-पोटाची ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २००८ साली प्रसिद्ध झाला. जे संघ तो करत होते त्यांच्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. आमच्या प्रसंगासारखा आघात त्याने टळला असता असा दावा मी करणार नाही. पण वीस मिनिटं आणि एक बॉल, दुसरं काही सामान लागत नाही. तरी अजून कितीतरी संघ मैदानाला दोन चकरा मारून वॉर्मअप उरकतात.

क्लबकडे मी एक मागणी लावून धरली आणि ती मान्य झाली. सामन्याला आलेल्या मोठ्यांपैकी कोण काय करणार हे आता आधी ठरतं: ॲम्ब्युलन्सला फोन कोण करणार, ती आत आणायला फाटकाशी कोण उभं राहणार, प्रथमोपचाराचं शिक्षण कुणी घेतलंय. आणि गंभीर दुखापत झाली तर दुसऱ्या मुलाजवळ कोण बसणार, तेही. या शेवटच्या मुद्द्यावर बैठकीत कुणीतरी हसलं. मी राखीव गोलकीपरबद्दल सांगितलं. मग लिहून घेतलं.

दहा नंबर पुढच्या सीझनला परतला. प्लॅस्टर निघाल्यावर डावी पोटरी इतकी बारीक झाली होती, की त्याच्या वडिलांना ती बघवेना. कुबड्या, मग एका पायावर उभं राहणं, मग पायऱ्या, मग सरळ पळणं, आणि वळून पळणं सगळ्यात शेवटी. हाड केव्हाच जुळलं होतं, पण समोरून कुणी घसरत आलं की तो बॉल सोडून उडी मारायचा. ते जायला हाडापेक्षा जास्त वेळ लागला. आमच्याविरुद्धच्या सामन्याला सगळ्यांनाच धडधड होती. तो शेवटची काही मिनिटं आला, पण दुसऱ्या बाजूला खेळला. दोघांची मैदानात गाठच पडली नाही. त्याच्या आईने लांबून मला हात केला. तेवढंच, आणि तेवढं पुरे.

माझ्या मुलाला या सीझनमध्ये एकच कार्ड मिळालंय, पिवळं. टॅकलसाठी नाही. शिट्टी वाजल्यावर वैतागून बॉल लांब मारला म्हणून. घरी येताना गाडीत त्यावरून आमचं जोरदार वाजलं. तो म्हणत होता रेफ्रीने थ्रो-इन चुकीचा दिला, मी म्हणत होते दिला तर दिला, आणि नवऱ्याचं मत विचाराल तर थ्रो-इन आमचाच होता.